सह्याद्री नावाची तुटकी कड

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी मातीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं कधीच सापडली नाहीत. त्याआधी २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये, ८० हून अधिक बळी. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, दीडशेच्या वर. आणि २००५ च्या जुलैअखेरीस महाडजवळची जुई, दासगाव ही गावं. साल बदलतं, महिना तोच.

बातम्यांमधले शब्दही तेच असतात. डोंगर खचला, कडा कोसळला, दरड आली. आणि वाचणाऱ्याला दर वेळी एक गोष्ट उलगडत नाही. ज्या काळ्या पाषाणात कार्ले-भाज्याची लेणी कोरली गेली, ज्यावरचे छिन्नीचे घाव दोन हजार वर्षांनंतरही मोजता येतात, तो दगड एका रात्रीच्या पावसात चिखल होऊन कसा वाहतो?

तो वाहत नाही. वाहते ती त्याच्यावर बसलेली माती. पण ती माती तिथे आली कशी, नेमकी गावाच्या डोक्यावरच का साठली आणि एरवी वर्षानुवर्षं गप्प बसलेली ती एका रात्रीत का सुटली, हे कळायला सह्याद्री मुळात काय चीज आहे ते आधी बघावं लागतं.

## पुण्याहून लोणावळ्याला जाताना चढ कुठे लागतो?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. लोणावळा साधारण ६२५ मीटर. म्हणजे लोकलमध्ये बसून तास-दीड तास 'डोंगराकडे' प्रवास केला तरी आपण जेमतेम साठ-पासष्ट मीटर चढतो. वीस मजली इमारत फार तर. आता खंडाळ्याच्या टोकाला जाऊन खाली बघा. खोपोली दिसते ती समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही, आणि लोणावळ्यापासून सरळ रेषेत मोजलं तर अंतर आठ-दहा किलोमीटरसुद्धा भरत नाही.

डोंगर म्हटला की एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. इथे चढायचं ते फक्त कोकणातून. देशावरून आलात तर चालता चालता एका जागी जमीन संपते, इतकंच. 'घाटमाथा' हा आपला शब्द म्हणूनच फार नेमका आहे. घाट म्हणजे चढउताराची वाट, आणि ती जिथे वर पोचते तो तिचा माथा. इंग्रजांनी वाटेचं नाव उचलून अख्ख्या डोंगराला चिकटवलं आणि शाळेच्या पुस्तकातून ते 'पश्चिम घाट' होऊन परत आपल्याकडे आलं.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू. महाराष्ट्रातला सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटकी कड. कोकण म्हणजे त्याच पठाराचा झिजून, खचून खाली गेलेला भाग.

मग कळसूबाई? १६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सर्वोच्च शिखर, ते डोंगर नाही म्हणायचं? आणि १५६७ मीटरचा साल्हेर? ताटात थापलेल्या वड्या काढून घेतल्यावर मध्ये एखादा तुकडा तसाच चिकटून राहतो ना, तशी ही शिखरं आहेत. आजूबाजूचं निघून गेलं, ती राहिली. सातमाळा-अजिंठ्याची रांग, हरिश्चंद्र-बालाघाटाची रांग, शंभू महादेवाची रांग यांचीही कथा तीच. गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्यांनी आपापली खोरी कोरली आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये जे उरलं त्याला आपण डोंगररांग म्हणतो.

## 'सह्याद्री हिमालयापेक्षा म्हातारा' हे खरं का?

हा दावा दर काही महिन्यांनी फोनवर फिरत येतो. अर्धा खरा आहे.

पृथ्वीचं कवच अखंड नाही, मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. त्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात आणि ते नखं वाढतात त्या वेगाने सरकत असतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत जाऊन साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. सतरंजी भिंतीकडे ढकलली की तिला वळ्या पडतात, तशा मधल्या समुद्रातल्या गाळाच्या थरांना वळ्या पडल्या आणि हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्राच्या तळाशी तयार झालेला आहे. ही ढकलाढकली अजून चालू असल्यामुळे तिथे भूकंप होतात आणि डोंगर वाढतोही.

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा दगड ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे ती टक्कर होण्याआधीचा. त्या अर्थाने सह्याद्री वडीलधारा. पण त्याला वळ्या पडलेल्या नाहीत. त्याचे थर बहुतेक ठिकाणी आजही अंथरलेल्या चटईसारखे आडवे आहेत. हिमालय घडला तो दाबामुळे, सह्याद्रीला रूप मिळालं ते झिजेमुळे. एकाचं वय दुसऱ्याशी ताडून बघणं म्हणजे भिंतीचं वय आणि भिंतीवरच्या नक्षीचं वय एकत्र मोजण्यासारखं आहे. शिवाय गोव्याच्या पुढे दक्षिणेकडे सह्याद्रीचा दगडच बदलतो. कर्नाटक-केरळातले खडक आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी पट जुने, काही तर अडीच अब्ज वर्षांच्याही पलीकडचे आहेत.

## भाकऱ्यांची चवड

हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. लाव्हा म्हटल्यावर डोळ्यांपुढे टोकातून धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर येतो. आपल्याकडे बहुतांशी तसं काही नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा चहूकडे पसरला. थिजला. काही काळ शांतता. मग पुन्हा दुसरी भेग, दुसरा लोट, आधीच्या थरावर नवा थर. असे एकावर एक कितीतरी थर साचले आणि त्यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर उरकला. भूगर्भाच्या हिशेबात हे फार थोडक्यात झालं म्हणायचं.

आज या थरांनी साधारण ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग झाकलेला आहे. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ ३ लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर, यावरून अंदाज यावा. पश्चिमेकडे ही चवड काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जाड आहे आणि पूर्वेकडे पातळ होत होत नागपूरच्या आसपास संपते.

प्रत्येक भाकरीचा, म्हणजे लाव्ह्याच्या थराचा, मधला भाग घट्ट आणि टणक. वरचा भाग मात्र जाळीदार, कारण थिजताना लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर येऊन तिथेच अडकले. ढोकळ्याला असते तशी ती जाळी. पुढे या पोकळ्यांमध्ये खनिजं साठून त्यांचे स्फटिक झाले, ट्रेकला गेल्यावर वाटेत चकाकणारे पांढरे खडे दिसतात ते हेच. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर त्या काळात थोडी माती तयार झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती विटेसारखी भाजून काढली. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात मध्येच गेरूसारखा लाल पट्टा दिसतो, तो हा.

टणक भाग उभा कडा होऊन राहतो. जाळीदार किंवा लाल मातीचा भाग लवकर झिजून तिरपा उतार होतो. पुन्हा कडा, पुन्हा उतार. म्हणून सह्याद्री लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. युरोपीय भूवैज्ञानिक अशा खडकाला 'ट्रॅप' म्हणत, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आपल्या किल्ल्यांची रचनाही याच पायऱ्यांवर बसलेली आहे. खाली घेर, मग कडा, कड्यावर माची, माचीवर पुन्हा कडा आणि सगळ्यांत वर बालेकिल्ला. राजगडाची रचना बघताना मला नेहमी वाटतं की अर्धं बांधकाम लाव्ह्यानेच करून ठेवलं होतं.

एक गैरसमज जाता जाता. 'आमच्या गावाजवळचा डोंगर म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी' असं अनेक ठिकाणी सांगतात. माथ्यावर खोलगट भाग दिसला की ही कल्पना सुचते, पण तो खोलगट भाग जवळजवळ नेहमी झिजेचा असतो. लोणारचं विवरही ज्वालामुखीचं नाही. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आकाशातून पडलेल्या अशनीने याच बेसॉल्टमध्ये पाडला.

## कड तुटली कशी?

लाव्हा पसरत होता त्या काळात पश्चिमेला आजच्यासारखा समुद्र नव्हता. भारताला लागून आणखी भूभाग होता. आज हिंदी महासागरात दिसणारी सेशेल्स बेटं त्याच भूभागाचा अवशेष आहेत. लाव्ह्याचा जोर ओसरता ओसरता, काही लाख ते काही दशलक्ष वर्षांच्या आत, हा तुकडा भारतापासून तुटून वेगळा झाला आणि मध्ये समुद्र शिरला.

ताजी भाकरी तोडा. तुटणारी कड आधी जरा खाली वाकते, मग तुटते. पश्चिम किनाऱ्यालाही तेच झालं. घाटमाथ्यावर आडवे असलेले लाव्ह्याचे थर पनवेलच्या आसपास पोचले की पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून तुरळ, राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे जवळपास एका ओळीत आहेत. जमिनीतलं पाणी खोल भेगांमधून खाली जाऊन तापतं आणि वर येतं. या भेगा त्या मोडतोडीच्या खुणा आहेत.

मूळ तूट समुद्राच्या बाजूला होती असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग कडा आज किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत कसा? तो मागे सरकला. उल्हास, सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्यामुळे पाण्याला जोर भयंकर. त्या पायथ्याचे मऊ थर पोखरतात. खालचा आधार गेला की वरचा टणक थर उभाच्या उभा तुटून पडतो. कडा उभाच राहतो, पण एक पाऊल पूर्वेला सरकलेला. मग पुन्हा पोखरणं, पुन्हा पडणं. कोकणकडा बघून आपण थक्क होतो, पण तो तसा ताशीव दिसतो तो इतक्या वेळा कोसळल्यामुळेच.

याचा एक सुंदर पुरावा लोणावळ्याजवळ आहे. नदी उगमाशी अरुंद, खोल घळीतून धावते आणि पुढे जाऊन तिचं खोरं रुंदावतं, हा शाळेतला धडा. इंद्रायणीचं खोरं मात्र घाटमाथ्याच्या कडेलाच ऐसपैस रुंद आहे. आंदर मावळ, पवन मावळ या खोऱ्यांचंही असंच. उगमाकडची घळ गेली कुठे? उत्तर कड्याखाली आहे. कडा मागे सरकताना नद्यांचे माथेच खाऊन गेला. आपण ज्याला उगम म्हणतो ती खरं तर कापलेली मान आहे.

यात आणखी एक गंमत. माल उतरवला की होडी पाण्यात थोडी वर येते. कोकणावरचं शेकडो मीटर जाडीचं दगडाचं ओझं नद्यांनी समुद्रात वाहून नेल्यावर खालचं कवच हलकं होऊन किंचित वर उचललं गेलं, आणि लगतची पठाराची कडही त्याबरोबर. म्हणूनच ही कड पठाराच्या आतल्या भागापेक्षा जरा उंच आहे.

## समुद्राकडे पाठ फिरवलेल्या नद्या

याचा परिणाम अख्ख्या महाराष्ट्राच्या भूगोलावर झाला. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून साधारण ६५ किलोमीटरवर. पण ती पाठ फिरवते आणि १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकेश्वरची गोदावरी तशीच, समुद्रापासून साधारण ८० किलोमीटरवर जन्मून पूर्वेकडे १,४६५ किलोमीटर जाते. पठाराचा कल पूर्वेला असल्यामुळे कडेवर पडलेल्या थेंबाला पश्चिमेची वाटच नाही. माणसाने ती करून दिली. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, बोगद्यातून कडेवरून खाली सोडायचं आणि त्या उडीवर वीज काढायची. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, आणि कोयनेची १,९६० मेगावॅट वीज याच तुटक्या कडेची कमाई.

पावसाचंही तसंच. समुद्रावरून आलेली ओली हवा कडेला धडकते, वर चढते, थंड होते आणि पाणी टाकून देते. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पूर्वेला फलटण-म्हसवडकडे गेलात तर पाचशेच्या आसपास. सव्वाशे किलोमीटरच्या आत पाऊस दहा-बारा पटींनी कमी होतो.

## माती येते कुठून, आणि साठते कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे.

बेसॉल्ट टणक असला तरी त्यातली खनिजं उष्ण, दमट हवेत कुजतात. कुजतात हाच शब्द बरोबर आहे, लोखंड गंजतं तसं. कातळाचा आधी मुरूम होतो, मुरमाची माती. पाऊस फार असेल आणि माथा सपाट असेल तर पाण्यात विरघळणारं सगळं धुऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात आणि जांभा तयार होतो. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, रत्नागिरीकडचे सडे हे सगळे जांभ्याचे.

ही माती उभ्या कड्यावर टिकत नाही, गडगडत खाली येते. दरीच्या तळाशी आलेली नदी वाहून नेते. राहते ती मधल्या टप्प्यावर, कड्याच्या पायाशी असलेल्या तिरप्या उतारावर. वरून पडलेले धोंडे, मुरूम, माती असा काला तिथे वर्षानुवर्षं साठत जातो, काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीचा. त्याच्या खाली कातळ.

आणि वाडी कुठे वसते? तिथेच. कारण डोंगरात नाचणी-वरी पिकवण्याएवढी माती फक्त तिथे असते. कड्यातल्या जाळीदार थरातून पाझरणारा झराही तिथेच, कड्याच्या पायाशी फुटतो. माती आणि पाणी एका जागी मिळालं की माणूस घर बांधतो, यात वावगं काही नाही. पण ती माती मुळात जुन्या पडझडीची आहे आणि ते पाणी तिच्याच बुडातून वाहतं. इतकी वर्षं तग धरलेल्या वाडीवर अचानक दरड कशी आली, असं आपण विचारतो. वाडी ज्या जमिनीवर उभी असते ती बहुधा आधीच्या दरडींनीच आणून टाकलेली असते.

## मग त्या रात्री नेमकं काय होतं?

ओल्या ओट्यावर गरम आमटीचं भांडं ठेवून बघा. काही क्षणांत ते आपसूक सरकायला लागतं. भांड्याच्या बुडाखाली अडकलेली हवा तापून फुगते, भांड्याचं थोडं वजन आपल्या अंगावर घेते आणि भांडं ओट्याला आधीसारखं घट्ट धरून राहत नाही. ओटा तिरपा असता तर भांडं गेलंच असतं.

उतारावरची माती खालच्या कातळाला धरून असते ती तिच्या वजनामुळे आणि कणाकणांच्या घासण्यामुळे. थोडी ओल या पकडीला मदतच करते. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरड्या वाळूचा राहत नाही. पण पाऊस पडतच राहिला की मातीतल्या पोकळ्या काठोकाठ भरतात. पाणी खाली कातळापर्यंत पोचतं, कातळ त्याला पुढे जाऊ देत नाही, मग ते तिथे दाबाखाली साठतं. हा दाब वरच्या मातीचं वजन अंशतः उचलून धरतो, भांड्याखालच्या हवेसारखा. पकड सुटते. ओली झालेली माती जडही झालेली असते. अख्खा थर एकदम घसरतो आणि वाटेतलं पाणी मिसळून त्याचा दाट, धोंड्यांनी भरलेला लोंढा होतो. माणसाला पळून वाचता येईल असा त्याचा वेग नसतो.

त्यामुळे एका दिवसाच्या पावसाइतकाच आधीच्या आठ-दहा दिवसांचा पाऊस महत्त्वाचा. जूनच्या सुरुवातीचा मोठा पाऊस कोरडी माती पिऊन टाकते. जुलैअखेरीस ती पोट भरलेली असते आणि तेव्हा आलेला जोराचा पाऊस शेवटची काडी ठरतो. तळिये गेलं त्या दिवसाच्या चोवीस तासांत शेजारच्या महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. फलटणकडे वर्षभरात पडतो त्याहून जास्त.

## 'पाऊस तर पूर्वीही पडायचा'

पडायचा, आणि दरडीही कोसळायच्या. फक्त त्यांच्या वाटेत घरं कमी होती आणि त्यांची बातमी होत नव्हती. पण तेवढं म्हणून सुटका नाही. कमी वेळात फार मोठा पाऊस पडण्याचे प्रसंग वाढताहेत, आणि उतारांवर आपलं काम वाढलंय ते वेगळंच. रस्ता रुंद करायला उताराचा पाय कापला की वरच्या मातीचा टेकू गेला. सपाटीकरण केलं की आधी पृष्ठभागावरून वाहून जाणारं पाणी मातीत मुरायला लागतं. ओढा बुजवून घर बांधलं की पाण्याची जुनी वाट बंद, ते दुसरी शोधतं. माळीणनंतर उतारावरच्या यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं ते याच कारणाने.

तरी सगळं खापर माणसाच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. इर्शाळवाडीला रस्ता नव्हता, पायवाट होती. खाण नव्हती, रिसॉर्ट नव्हतं. मागे होता तो फक्त कडा आणि त्याच्या पायाशी साठलेली माती. माणसाने काही न करताही कड मागे सरकत असते. आपण काय करतो त्यावर ती कधी आणि कुठे सरकणार हे बदलतं.

## 'झाडं लावली की दरडी थांबतील'

काही थांबतील. मुळं वरच्या एक-दोन मीटर मातीला शिवून ठेवतात, पानं पावसाचा मार अंगावर घेतात, आणि गवताळ किंवा उघड्या उतारापेक्षा जंगलाचा उतार सहसा जास्त टिकतो. पण माती जाड असेल आणि घसरण्याची पातळी मुळांच्या खाली असेल तर झाडांसकट उतार खाली येतो. दरडीच्या फोटोंमध्ये मुळांसकट उपटलेली मोठमोठी झाडं दिसतात ती म्हणून. जंगल असलंच पाहिजे, पण त्याच्या भरवशावर वाडी कड्याखाली ठेवणं हा वेगळा निर्णय झाला.

## 'मग घाटात लावतात तशा जाळ्या?'

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. द्रुतगती मार्गावर किंवा रेल्वेच्या घाटात जे पडतं ते बहुधा सुटे धोंडे. थंड होताना आकसल्यामुळे बेसॉल्टला उभ्या भेगा पडलेल्या असतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर त्या खांबांच्या रूपात सुंदर दिसतात, घाटात त्याच भेगांवरून दगड सुटतात. त्याला जाळी, खिळे, भिंत हे उपाय चालतात. मातीचा अख्खा उतार सुटला तर जाळी त्याच्यासोबत निघून जाते. तिथे उपाय एकच, पाण्याला आत साठू न देणं. उताराच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला नेणं, आत साठलेलं पाणी आडव्या नळ्यांनी बाहेर काढणं. कामं दिसायला किरकोळ, पण दर वर्षी पावसाआधी साफ ठेवली तरच उपयोगाची.

## 'भूकंपाने होतं का हे?'

माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिन्ही ठिकाणी कारण पाऊस. पण हा भाग भूकंपमुक्त आहे असंही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६ हून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. धरणातल्या पाण्यामुळे जमिनीतल्या जुन्या भेगा जाग्या झाल्याचं जगातलं हे सर्वांत अभ्यासलं गेलेलं उदाहरण. तिथे नंतर खोल विवरं खोदली तेव्हा साधारण ९३० मीटरवर बेसॉल्टची चवड संपून कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला. भूकंप त्या ग्रॅनाइटमध्ये होतात. वरच्या भाकऱ्या फक्त हादरतात.

## एवढा पाऊस, तरी उन्हाळ्यात टँकर का?

कारण पुन्हा तोच कातळ. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मावत नाही. ते भेगांमध्ये, जाळीदार थरात आणि वरच्या मुरमात राहतं, म्हणजे फार थोडं. बाकीचं पाणी तीव्र उतारावरून काही तासांत खाली निघून जातं. घाटमाथ्यावरच्या वाड्यांना जुलैत पाण्याचं भय आणि एप्रिलमध्ये पाण्याची वणवण, दोन्ही एकाच दगडामुळे. गडांवर कातळात टाकी खोदणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

## धोक्याची गावं आधीच ओळखता येत नाहीत?

बऱ्याच अंशी येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या दरडप्रवण भागांचे नकाशे केले आहेत. उतार किती, माती किती जाड, खडक कोणता, आधी दरड आली होती का, अशा गोष्टी जुळवून ते बनतात. पण हे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. शंभर मीटरांत मावणारी वाडी त्यावर दोन मिलिमीटरचा ठिपका होते. तो ठिपका ओढ्याच्या या बाजूला की त्या बाजूला, हे नकाशा सांगू शकत नाही. धोक्याच्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे दुर्घटनेनंतर विधिमंडळातही सांगितलं गेलं.

नकाशाला जे दिसत नाही ते वाडीतल्या माणसाला दिसू शकतं. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी, कमानीसारखी भेग. सरळ असलेला विजेचा खांब किंवा झाड कललेलं. काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकणं. कधी नव्हता तिथे पाण्याचा पाझर फुटणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं. यातली एक खूण लोकांच्या सहज नजरेतून सुटते, कारण ती धोक्यासारखी वाटत नाही. चार दिवस मुसळधार पाऊस आहे, ओढा फुगलाय, आणि कड्याखालचा बारमाही झरा मात्र अचानक बारीक झाला किंवा थांबलाच. पाणी बाहेर येत नाही, म्हणजे ते आत अडलंय. त्या रात्री वाडीत झोपू नये.